हात सोडायचे नाहीत

संध्याकाळी साडेपाचला मुंगी क्लायंबिंगच्या भिंतीच्या टोकाशी पोचली. तिच्या कमरेला अडकवायचा पट्टा खाली, जमिनीतल्या कडीतच होता.

आधी पाहिलं ते तिच्या मावशीच्या सहा वर्षांच्या मुलाने. तो नुकताच शेजारच्या पट्ट्यावरून तरंगत उतरला होता.

"आई, ताईचा पट्टा बघ. इथेच राहिलाय."

मावशीने पट्ट्याकडे पाहिलं, मग वर. दोन मजले उंच भिंत, रंगीत खुंट्या, आणि अगदी वर पिवळ्या टी-शर्टातली आठ वर्षांची भाची. मघाशी मुलाने "आधी मला, आधी मला" म्हणून जीव खाल्ला, तेव्हा त्याला अडकवलं. मग मुंगीच्या आईचा फोन आला. मुंगी कधी कटकट करत नाही. आपलंही झालं असं समजून चढली असणार.

मुलाने वर बघून तोंड उघडलं. मावशीने त्यावर हात दाबला.

तासभर सगळ्यांनी मिळून मुंगीला एकच गोष्ट शिकवली होती. टोकाला पोचलं की हात सोडायचे, पट्टा अलगद खाली आणतो. पहिल्या दोन खेपांना ती सोडायलाच तयार नव्हती. मावशीनेच "भित्री भागूबाई" म्हणून चिडवलं. तिसऱ्या खेपेला तिने डोळे मिटून हात सोडले आणि खाली आल्यावर हसत सुटली. आता तिला त्यातच मजा वाटत होती.

"मावशी, पोचले. सोडू?"

"नको." आवाज नेहमीसारखा निघाला. "पालीसारखी चिकटून राहा बघू. फोटो काढतेय."

"लवकर काढ ना. हात भरून आलेत."

प्रशिक्षक पळत आला. शिट्टी गळ्यातच होती, त्याने ती वाजवली नाही.

"तिला काही सांगू नका," तो पुटपुटला. "घाबरली की पाय लटपटतात. नुसतं बोलत राहा."

कडीतला पट्टा काढून त्याने स्वतःला अडकवला, मुंगीला बांधायला खांद्यावर दोरीचा तुकडा टाकला आणि चढायला लागला. बाकीच्या आईबापांपैकी दोघातिघांनी कोपऱ्यातली जाड गादी ओढत आणली. ती बाकाला अडली.

"झाला का गं?"

"तुझं डोकंच कापलं जातंय. मोबाइलच बावळट आहे माझा."

"मोबाइल नाही, तू बावळट."

"बरं, मी बावळट. पाय नीट रोव."

मावशीने मोबाइल डोळ्यांसमोर धरला. पडद्यावर बहिणीचं नाव पुन्हा लुकलुकत होतं. तळव्याखाली मुलाचं तोंड ओलं झालं होतं. तो आवाज न करता रडत होता.

प्रशिक्षक अर्ध्यावर गेला. मग आणखी वर. मुंगीचा डावा पाय थरथरायला लागला.

"मावशी, सोडते आता."

"एकच. शेवटचा. आईला पाठवायचाय."

मुंगीला ते पटलं. तिने मान वळवली, आईसाठी छान हसली, आणि उजवा हात भिंतीवरून काढून हलवायला लागली.

प्रशिक्षक तिच्या बुटांपासून अजून दोन खुंट्या खाली होता.