भिंतीचं नाक

तंबाखूचा धूर निघाला, की भिंत तो हुंगणार आणि धूर करणाऱ्याला त्याच खोलीत कोंडणार. आज सकाळपासून इमारतीतल्या साऱ्या भिंती तशा जाग्या झाल्या होत्या. अर्ज, सह्या, भांडणं, सगळं यमुनाबाईंनीच केलं होतं. सून नमिता पोटुशी होती आणि शेजारचे खराडे काही बिडी सोडत नव्हते.

"कोंडला का गं तो खराडे?" स्वयंपाकघरातून त्यांनी पुन्हा विचारलं.

"नाही हो आई. ते फाटकाबाहेर जाऊन ओढतायत," नमिता बाहेरून म्हणाली.

यमुनाबाईंचा जीव नुसता वरखाली होत होता. दातांना मशेरी लावल्याशिवाय त्यांचं डोकं चालायचं नाही. रोजच्यासारखा त्यांनी तवा ठेवला आणि तंबाखू भाजायला घेतली. धूर निघाला मात्र, काचेचं दार खाडकन मिटलं.

"अगं, मी कुठं ओढते? ही तर मशेरी!" त्या काच बडवू लागल्या. "बटण दाब ना, नमे!"

बाहेरचं बटण दाबलं की दार उघडलं असतं, पण धूरही बाहेर आला असता. नमिताचा हात बटणापर्यंत गेला, थांबला आणि पोटावर आला.

"आई," ती हळूच म्हणाली, "धूर विरू द्या आधी."