अकरा घरांच्या किल्ल्या

"डोंगर नक्की कोणत्या दिवशी पडणार, ते एकदा सांगून टाका, वहिनी. पाहुण्यांना तशी तारीख कळवतो," गावातले मोठे हॉटेलवाले म्हणाले, आणि शाळेच्या वर्गात दोन दिवस दाटीवाटीने राहिलेली माणसे खदखदून हसली.

नगरपालिकेच्या अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांच्या कमरेला अकरा किल्ल्यांचा जुडगा होता. परवा सकाळी धक्क्याच्या भिंतीखालची अकरा घरे त्यांनी उभे राहून रिकामी करून घेतली, हॉटेलाकडे जाणारा रस्ता बंद केला आणि प्रत्येक दाराची किल्ली मागून घेतली. अर्ध्या वाटेवरून "गॅस बंद केला का ते बघून येते" म्हणून माघारी फिरणारी माणसे त्यांना चांगली ठाऊक होती. त्या अकरांतली एक किल्ली त्यांच्याच घराची होती. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून ती त्यांनी सासूबाईंच्याच कमरेला पाहिली होती.

डोंगर थोपवणाऱ्या त्या भिंतीला गेल्या पावसाळ्यात भेग गेली, तेव्हा गवंड्याने भेगेवर काचेची एक आडवी पट्टी सिमेंटात बसवली होती. भिंत केसभर सरकली तरी काच फुटावी, हा हेतू. परवा ती फुटलेली सापडली. तिच्या जागी बसवलेली दुसरी मात्र अजून शाबूत होती.

"दुसरी शाबूत आहे ना? मग रस्ता उघडा. उद्या हंगाम सुरू होतोय," हॉटेलवाले म्हणाले.

"पहिली का फुटली ते कळल्याशिवाय नाही. गवंडीबुवा, तुम्ही सांगा."

"आणखी आठ दिवस तरी बघावं लागेल," गवंडी म्हणाला. "मी बसवलेली काच उगाच फुटत नाही."

आठ दिवस ऐकताच कोणी हसेना. "पुढच्या खेपेला मत देताना लक्षात ठेवू हो," एक जणी शेजारणीला म्हणाली. आवाज मात्र अध्यक्षबाईंना ऐकू जाईल इतका. सगळ्यांत मागे, पहिलीच्या मुलांच्या बुटक्या बाकावर, सासूबाई ताठ बसल्या होत्या. परवा सर्वांआधी घर सोडले ते त्यांनीच. त्यानंतर सुनेच्या बाजूने किंवा विरुद्ध त्या चकार शब्द बोलल्या नव्हत्या.

इतक्यात, दारात बराच वेळ घुटमळत असलेला घोडेवाला आत आला.

"बाई, काच भिंतीनं नाही फोडली. माझ्या घोडीनं फोडली."

सगळे त्याच्याकडे वळले.

"भिंतीवरच्या पाइपाला बांधली होती. माशी बसली, तिनं लाथ झाडली. गवंडीबुवा येताना दिसले आणि मी घोडी सोडवून निघालो. वाटलं, माझा परवान्याचा बिल्ला काढून घ्याल."

"माझी म्हातारी फरशीवर झोपतेय आणि तू दोन दिवस मूग गिळून बसलास?" एक बाई ओरडली.

"आठ दिवस म्हणाले ना, मावशी. मग नाही राहवलं."

अध्यक्षबाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि मग गवंड्याकडे. "पहिल्या काचेचे तुकडे आहेत?"

गवंड्याने खिशातला रुमाल सोडला.

"भिंत सरकली तर काच कशी फुटते?"

"सरळ तडा जातो, बाई. दोन तुकडे." तो रुमालाकडे पाहतच राहिला. "हा तर चुरा आहे. मी गोळा केला, पण बघितला नाही. तसाच धावत सुटलो."

"आता धावत जा आणि भिंत बघून या. सोबत दोघांना न्या."

ते परत येईपर्यंत कोणी जागचे हलले नाही. गवंडी दारातूनच ओरडला, "नालाचा वण आहे! गुडघ्याच्या उंचीवर, प्लास्टरात अर्धा गोल! भेग तसूभर वाढलेली नाही!"

अध्यक्षबाईंनी टेबलाचा आधार घेतला आणि त्या हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "भिंत जागच्या जागी आहे. चुकलं माझं!"

"एका घोडीच्या लाथेपायी आमचे दोन दिवस पाण्यात!" हॉटेलवाले उसळले. "काढून घ्या ह्याचा बिल्ला!"

अध्यक्षबाईंनी डोळे पुसले. "घोडी घोड्यांच्या तळावर का नाही बांधलीस रे?"

उत्तर मघाच्या मावशीने दिले. "तळावर घोडी मावायला नको? तिथं ह्यांच्या पाहुण्यांच्या गाड्या असतात."

वर्ग पुन्हा हसला. ह्या वेळी फक्त हॉटेलवाले हसले नाहीत.

"बिल्ला राहील," अध्यक्षबाई म्हणाल्या. "घोड्यांचा तळ संध्याकाळपर्यंत मोकळा हवा, भाऊजी, म्हणजे रस्ताही संध्याकाळी उघडेल. आणि तू घोडी घेऊन ये. ह्या सगळ्यांच्या गाद्या-गाठोडी तिनंच घरपोच करायची."

एकेक नाव घेत त्यांनी किल्ल्या परत केल्या. मत लक्षात ठेवणारीने किल्ली घेताना त्यांचा हात क्षणभर धरून ठेवला. शेवटी जुडग्यात एकच किल्ली उरली. ती सोडवून त्यांनी सासूबाईंपुढे धरली.

"आई, दोन दिवस तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"बघत होते. चुकलं असं कळल्यावर तुझं तोंड पडतं का, ते." सासूबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "ती राहू दे तुझ्याकडेच. आणि चल लवकर. मी गॅस बंद केला होता की नाही, देव जाणे."

गाद्यांनी लादलेल्या घोडीमागून दोघी उतारावरून चालू लागल्या. वळणावर सासूबाईंचा हात सवयीने कमरेकडे गेला, तिथे थोडा रेंगाळला, आणि पदर सारखा करून खाली आला.