नववा गोल

यंत्रानं मतपत्रिका गिळली आणि पावती बाहेर टाकली. मेलचोरानं ती डोळ्यांजवळ धरली. वर मनिलाला जाणाऱ्या बारा सेनेटरांची नावं ओळीनं आली होती. खाली नगरसेवकांच्या जागी एकही नाव नव्हतं. 'खुणा जास्त, मतं बाद' एवढंच छापलं होतं.

नगरसेवक आठच निवडायचे होते आणि तिनं नावांपुढचे गोल भरले होते नऊ. पहिला पोटच्या पोराचा, एल्पिदियोचा. कागद फाटेल इतका गडद. आठ झाले आणि यादीत गाविनोचं नाव दिसलं. पुराच्या वर्षी तिच्या नवऱ्याची शवपेटी कमरेएवढ्या पाण्यातून नेताना गाविनोचा खांदा सगळ्यांत पुढे होता. त्याला वगळायला तिचा हात धजेना. सुनेनं आठवडाभर घोकून घेतलं होतं, सेनेटर बाराच, तेरावा नको. तेवढं पाठ झालं होतं. खालचं मेलं राहूनच गेलं.

टेबलामागे शाळेतल्या बाई बसल्या होत्या. त्यांच्याकडे तिनं दुसरी मतपत्रिका मागितली.

"यंत्रात गेली ती गेली, आजी," बाई म्हणाल्या. "पावती त्या पेटीत टाका. घरी नाही नेता येत."

मग त्यांनी तिच्या बोटाला शाई लावली. फाटकाबाहेर एल्पिदियो वाट बघत होता. नीट झालं ना, असं त्यानं विचारलं. तिनं नुसती मान डोलावली. एका मतानं काय होतंय, अशी तिनं स्वतःचीच समजूत घातली.

निकाल लागला तेव्हा आठव्या जागेवर एल्पिदियो आणि गाविनो यांची मतं सारखी निघाली. अशा वेळी कायद्यानं चिठ्ठ्या टाकतात. दोन दिवसांनी नगरपालिकेत बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात दोन घड्या पडल्या. मेलचोराच्या बोटांत जपमाळ अडकून राहिली. गाविनोनं आपली घडी उघडली, तीत 'विजयी' निघालं आणि त्याच्या माणसांनी त्याला उचलूनच घेतलं. खाली उतरल्यावर तो आधी तिच्याकडे आला. वाकून त्यानं तिचा हात आपल्या कपाळाला लावला. तिला त्याचा राग येईना, हेच जास्त वाईट होतं.

बाहेर पायरीवर एल्पिदियो तिच्याशेजारी बसला.

"एक मत, आई. दोन दिवस दारोदार फिरलो. मत तुलाच दिलं, अशा सगळे शपथा घेतात. कुणीतरी एकानं दगा दिला."

त्यानं तिचा हात हातात घेतला. नखावरची शाई अजून तशीच होती. तो त्या बोटावरून अंगठा फिरवत राहिला.

"जाऊ दे," तो म्हणाला. "तुझं मत तरी माझं होतं."

मेलचोरानं बोट मुठीत मिटून घेतलं. तिचं मत मनिलातल्या त्या बारा जणांना मिळालं होतं, ज्यांनी हे गाव कधी पाहिलंही नव्हतं.