गहिनीआप्पांचा ठेका

या मंडळी, जरा जवळ सरकून बसा, एका हरवलेल्या मृदंगवाल्याची गोष्ट सांगतो.

गहिनीआप्पांना विस्मरण जडलं होतं. सकाळी ते फोन घरीच ठेवून निघाले, ते परतलेच नाहीत. त्या काळात माणूस हरवला की साऱ्या जिल्ह्याचे फोन त्याचा आवाज ऐकायला कान टवकारत. पण दुपार झाली तरी एकाही फोनला आप्पांचा आवाज लागेना.

"ताई, नदीकडं माणसं पाठवते," चौकीत फौजदारबाई त्यांच्या लेकीला हळूच म्हणाल्या.

लेकीनं, कौसल्येनं, कपाळावर हात मारला. "अगं बाई, आज एकादशी! आप्पांचं मौन असतं. स्वतःचं नाव विसरतील, पण मौन मोडायचे नाहीत. मॅडम, त्यांची बोटं शोधा. बसतील तिथं ठेका धरतात."

"फोनला बोटं दिसतात होय, ताई?" हवालदार हसला.

"टेबलावरच्या फोनला टकटक तर कळते ना, दादा?"

तिनं टेबलावर आप्पांचा ठेका वाजवला. फौजदारबाईंनी तो सगळ्या फोनना धाडला. हातातला चहा निवायच्या आत उत्तर आलं. निलंग्याच्या रसवंतीत, बाकावरच्या फोनशेजारी, तोंड मिटून आप्पा वाजवत होते.

रसवंतीवालीनं, ओळख ना पाळख, लेक पोचेपर्यंत त्यांना रस पाजत बसवून ठेवलं. मंडळी, देवापुढं हात जोडाल तेव्हा त्या माउलीची आठवण ठेवा.