उसनी नाडी

काचेच्या पेटीतल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे ठोके एकाएकी धावू लागले, तशा मेट्रन कालिंदीबाई मोकाशी लगबगीने आल्या. बाळाला ताप नव्हता, श्वासही नीट होता. त्यांनी सिस्टर हेमांगीकडे रोखून पाहिले. तिच्या मनगटावरच्या पट्ट्यातूनच त्या कोवळ्या हृदयाला नाडीची लय मिळत होती.

"बाळ ठीक आहे. तुला काय झालंय?"

"काही नाही, मॅडम."

"मला फसवशील गं. त्याला कशी फसवणार?"

हेमांगीला हुंदका फुटला. "बाबा कोसळलेत. सांगलीच्या दवाखान्यात नेलंय. पण मी पट्टा काढला तर ह्याचं..."

कालिंदीबाईंनी बाही वर सारली. "इकडे बांध."

"मॅडम, तुमचं वय..."

"माझ्या हृदयाने या वॉर्डात कधी उतावळेपणा केलेला नाही. बांध आणि नीघ. रडायचं ते गाडीत बसल्यावर."

पट्टा बदलला, तसे ठोके अडखळले. हेमांगी दारातच खिळली. कामावर असताना कधीही न बसणाऱ्या कालिंदीबाई खुर्ची ओढून पेटीला टेकून बसल्या.

"चला राजे," त्या हलकेच म्हणाल्या, "आता म्हातारीच्या चालीने चालायचं. पोरीला जाऊ द्या तिच्या बाबांकडे."

हळूहळू बाळाचे ठोके त्यांच्या संथ लयीत उतरले. मगच हेमांगी दारातून हलली.