मोबाइलमधला डोंगर

"सीते, मी न्हाय राहिले तरी डोंगरावरच्या वाघोबा देवाला एकटा टाकू नको," सासूने मरताना वचन घेतलं होतं.

म्हणूनच डोंगर फोडून गोडाऊन बांधणाऱ्यांना तो द्यायच्या कागदावर सीताबाई सही करीना. शेवटी लेकाने, देवेशने, मोबाइलवरच्या गेम बनवणाऱ्या एआयला लिहिलं, 'वडप्याचा डोंगर, माथ्यावर वाघोबा.' त्याने क्षणात गेमसाठी हुबेहूब डोंगर उभा केला.

"बघ आये, डोंगर जातोय कुठं? आता तरी सही कर!"

तिने चष्मा लावून पाहिलं. माथ्यावर वाघोबाचा शेंदूर फासलेला दगड नव्हताच. दात विचकून वाघ गुरगुरत होता.

देवेशने हसत गेममधली बंदूक रोखली. "याला गोळी घातली की डोंगर आपला!"

सीताबाईला शिसारी आली. अंथरुणाची वळकटी काखेत मारून तिने डोंगराची वाट धरली.