पुढून येणारे तुकडे

अक्ताऊ बंदराबाहेर धुकं असं दाटलं होतं की आम्हाला आमच्याच बोटीचं पुढचं टोक दिसेना. त्यात वेग दाखवणारं यंत्र बंद पडलेलं. समोर धुक्याआड असलेल्या खडकांपर्यंत किती वेळात पोचू, हे काढायला जुनीच रीत उरली होती. म्हातारे खलाशी ओराज-आगा बोटीच्या पुढच्या टोकावरून पाण्यात लाकडाचा तुकडा टाकून ओरडायचे, “टाकला!” मी मागच्या टोकाला घड्याळ सुरू करायचो आणि तुकडा माझ्यासमोर आला की थांबवायचो. तुकडा जितका लवकर येईल, तितका बोटीचा वेग जास्त.

प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा लवकर येत होता.

“कप्तान, वेग वाढतोय!”

“झोपेत आहेस का? इंजिन बंद करून माझा चहासुद्धा पिऊन झाला!”

“टाकला!” पुढून हाक आली. तुकडा सर्रकन गेला.

“आगा, बास करा आता!” मी वैतागून ओरडलो.

“माझ्यावर कशाला खेकसतोस?” ओराज-आगा माझ्या पाठीशीच उभे होते, गारठलेले रिकामे हात चोळत. “लाकडं संपली, तेव्हाच आलो मी इकडे.”

धुक्यातून त्यांच्याच आवाजात हाक आली, “टाकला!”

सवयीनं मी घड्याळ सुरू केलं. तुकडा माझ्यासमोर आधीच पोचला होता.